वनाचा जीर्णोद्धार आणि प्रायश्चित्ताची मर्यादा

माणसाने एकदा उद्ध्वस्त केलेली जमीन त्याच माणसाच्या हातून पुन्हा वन होऊ शकते काय, आणि झालीच तर त्या वनाला मूळ वनाइतकी प्रतिष्ठा द्यावी काय, हा प्रश्न वरकरणी वनस्पतिशास्त्राचा वाटत असला तरी त्याचा गाभा धर्मविचाराचा आहे. गेल्या अर्धशतकात जगातील अनेक शहरांनी बंद पडलेल्या खाणी, भरून गेलेली कचऱ्याची मैदाने आणि उजाड टेकड्या यांच्यावर निसर्गोद्याने उभी केली आहेत. तेथे स्थानिक झाडे लावली जातात, पाणी अडवले जाते, पायवाटा आखल्या जातात आणि परतणाऱ्या पक्ष्यांची नोंद नागरिकच ठेवतात. या कामाला अधिवासाचे पुनर्स्थापन म्हणतात. एखाद्या जिवाला अन्न, आसरा आणि विणीची जागा जेथे मिळते तो त्याचा अधिवास, आणि तो मोडला गेल्यावर पुन्हा नांदता करणे हे पुनर्स्थापन. नांदते करण्याचा हा व्यवहार भारतीय परंपरेला अपरिचित नाही; देवळे, तळी आणि मूर्ती यांच्याबाबत तिने त्याचा शतकानुशतके विचार केला आहे. त्या विचाराची फूटपट्टी वनाला लावली तर काय दिसते, हे येथे तपासायचे आहे.

उदाहरण म्हणून मुंबईतील महाराष्ट्र निसर्ग उद्यान घेता येते, कारण त्यात प्रश्नाच्या सगळ्या बाजू एका ठिकाणी सापडतात. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून असलेल्या या सुमारे 37 एकर जागेवर 1970 च्या दशकापर्यंत शहराचा कचरा टाकला जात होता. कचरा टाकणे थांबल्यावर त्या ढिगांवर माती पसरली गेली, रोपे लावली गेली, पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था झाली आणि 1994 साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट सावली आहे, फुलपाखरे आहेत, तांबट, दयाळ, बुलबुल, शिंजीर यांची ये-जा आहे आणि शाळेतील मुले ज्या पायवाटेवरून चालतात तिच्याखाली कोठे तरी अजून शहराने टाकून दिलेल्या वस्तूंचे थर आहेत. या वनाला खरे म्हणावे की खोटे, असा प्रश्न तेथे फिरायला येणाऱ्याला सहसा पडत नाही. तत्त्वज्ञांना मात्र तो पडला आहे.

ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट याने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात पुनर्स्थापित निसर्गाची तुलना बनावट चित्राशी केली. एखाद्या थोर चित्रकाराच्या चित्राची इतकी हुबेहूब नक्कल करता येईल की तज्ज्ञालाही फरक कळू नये; तरीही ती नक्कल आहे हे समजताच तिचे मोल उतरते, कारण चित्राचे मोल केवळ दिसण्यात नसून ते कोणाच्या हातून व कसे उतरले या इतिहासातही असते. निसर्गाचेही तसेच आहे, असे एलियटचे म्हणणे. वनाचे मोल बऱ्याच अंशी या गोष्टीत आहे की ते माणसाने केलेले नाही, आणि म्हणून पुन्हा लावलेल्या वनात झाडे तीच असली तरी ती मोलाची परंपरा तुटलेली असते. दहा वर्षांनी अमेरिकेतील एरिक कॅट्झ याने याहून कठोर भूमिका घेतली. त्याच्या मते पुनर्स्थापित निसर्ग ही माणसाची कृती आहे, तिच्यात माणसाचे हेतू भरलेले आहेत आणि ती निसर्गावरील वर्चस्वाचेच नवे रूप आहे; तिला निसर्ग म्हणणे म्हणजे मोठे असत्य. एलियटने पुढे 1997 च्या ग्रंथात आपले मत बरेच सौम्य केले, परंतु बनावटीचा आक्षेप त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

या आक्षेपाच्या मुळाशी मोल आणि उगम यांच्या संबंधाची एक विशिष्ट कल्पना आहे, आणि ती कलावस्तूंच्या बाजारात घडलेली आहे. संग्रहालयात टांगलेल्या चित्राबाबत ‘हे मूळचे आहे काय’ हा पहिला प्रश्न असणे स्वाभाविक आहे. पूजेतील मूर्तीबाबत मात्र तो पहिला प्रश्न कधीच नसतो. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगणारा जो अध्याय आहे त्यात झिजलेल्या किंवा भंगलेल्या मूर्तीचे काय करावे याचे नियम येतात: लाकडाची असेल तर ती अग्नीत द्यावी, दगडाची असेल तर पाण्यात सोडावी, धातूची किंवा रत्नाची असेल तर खोल पाण्यात अथवा समुद्रात विसर्जित करावी, आणि ज्या मापाची व ज्या द्रव्याची ती होती त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापन करावी. द्रव्य बदलले, कारागीर बदलला, कदाचित कित्येक पिढ्या मध्ये गेल्या. तरीही गावाच्या लेखी देव तोच राहतो. पुरीच्या जगन्नाथाच्या कडुनिंबाच्या मूर्ती नवकलेवर या सोहळ्यात बदलल्या जातात, अलीकडे 1996 आणि 2015 साली बदलल्या गेल्या, आणि त्या बदलल्यामुळे देव बनावट झाला असे कोणी भाविक मानत नाही. येथे नक्कल आणि मूळ यांची जोडीच मोडीत निघते, कारण नवी मूर्ती जुनी असल्याचे सोंग करत नाही. भंग झाला, विसर्जन झाले, नवी प्रतिष्ठा झाली, हे सर्व मंत्रोच्चाराने आणि समाजासमक्ष जाहीर केले जाते. बनावटपणाला फसवणूक लागते. जीर्णोद्धाराचा सगळा विधी तिच्या उलट, जाहीर कबुलीवर उभा आहे.

तरी देव तोच राहतो हे कशाच्या आधारे, असा प्रश्न उरतोच, आणि आगमग्रंथ, म्हणजे मंदिरस्थापनेचे व पूजेचे शास्त्र सांगणारे ग्रंथ, त्याला श्रद्धेवर सोडून देत नाहीत. मंदिराचे काम चालू असताना मूर्तीतील दैवी कला पाण्याने भरलेल्या कलशात आवाहन करून घेतली जाते आणि ती बालालयात, म्हणजे तात्पुरत्या छोट्या देवालयात, ठेवून तिची पूजा चालू राहते. काम संपल्यावर ती पुन्हा मूळ स्थानी आणली जाते. सातत्य वस्तूत नसून एका वाहकातून दुसऱ्या वाहकात जाणाऱ्या न तुटलेल्या सेवेत आहे, असा याचा अर्थ. वनाच्या बाबतीत ही कल्पना नुसती अलंकार म्हणून वापरण्याची गरज नाही, कारण वनालाही खरोखरच कलश लागतो. कचऱ्याच्या ढिगावर कितीही माती टाकली तरी तिच्यात बी कोठून तरी यावे लागते, कीटक कोठून तरी यावे लागतात, झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी कोठून तरी यावी लागते. उंबरवर्गातील प्रत्येक जातीच्या झाडाचे परागीभवन त्या जातीशी बांधल्या गेलेल्या इवल्या गांधीलमाश्यांकडून होते. त्या माश्या परिसरात कोठेच उरल्या नसतील तर लावलेल्या वडाला फळे धरली तरी त्यांत रुजणारे बी तयार होणार नाही. आणि तांबट, कोकीळ, बुलबुल, मैना ही फळे खाऊन त्यांचे बी विष्ठेवाटे दूर टाकत नसतील तर कोणी न लावलेला पिंपळ उद्यानाच्या भिंतीवर उगवणार नाही. मूळ वन संपूर्ण नष्ट झाल्यावर ते पुन्हा करता येत नाही. कोठे तरी त्याचा अंश जिवंत असताना तो तेथून आणता येतो.

महाराष्ट्रात हा अंश बराचसा देवरायांनी सांभाळला आहे. देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेला वनाचा तुकडा, जेथे वाघजाई, काळकाई, सोमजाई, म्हसोबा, भैरोबा अशा ग्रामदैवतांची सत्ता मानली जाते आणि जेथील वाळलेली काटकीसुद्धा देवाच्या परवानगीवाचून उचलायची नसते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा या तुकड्यांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व विद्वानांच्या ध्यानात आले. सभोवतालचे डोंगर कोळशासाठी, शेतीसाठी आणि रेल्वेच्या लाकडासाठी बोडके होत असताना काही एकरांच्या या राया जुन्या सदाहरित वनाचे नमुने म्हणून उभ्या राहिल्या होत्या. पुनर्स्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर त्या आजच्या निसर्गोद्यानांची बालालये आहेत, आणि एखाद्या टेकडीवर जांभूळ, अंजनी, हिरडा, बेहडा यांची रोपे लावणाऱ्या गटाला बी हवे असते तेव्हा कोठे जावे हे तिथल्या जाणकारांना आधीच ठाऊक असते.

बनावटीच्या आक्षेपातून जीर्णोद्धाराची कल्पना वनाला सोडवते, हे इथवर मान्य करता येईल. परंतु तिच्या एका अटीपाशी वनाचा प्रश्न अडतो. त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची, असे पुराण सांगते. वनाचे माप कोणते? मिठीच्या काठची ती जागा मुळात खाडीलगतची, भरती-ओहोटीच्या चिखलाची आणि खारफुटीची होती. आज तिच्यावर उभी असलेली दाट झाडी हा तिचा भूतकाळ नव्हे. काटेकोरपणे बोलायचे तर तेथे जुन्या मूर्तीचा जीर्णोद्धार झालेला नाही, भग्न देवळाच्या जागी दुसऱ्याच देवतेची प्रतिष्ठा झाली आहे. पुण्याच्या टेकड्यांवर हीच गोष्ट उलट्या अंगाने घडली आणि तिचे समर्थन करणे अधिक कठीण आहे. तेथील विरळ झुडपांच्या गवताळ माळांना ओसाड समजून वृक्षारोपणाच्या उत्साहात गिरिपुष्पासारखी बाहेरून आणलेली, झपाट्याने वाढणारी झाडे दाटीने लावली गेली, आणि ज्यांचे जगणेच उघड्या गवतावर अवलंबून असते अशा चंडोल, तीरचिमणी, तित्तिर यांच्यासारख्या पक्ष्यांची जागा आक्रसली. झाड लावणे हे सर्वत्र आणि सर्वदा पुण्य आहे, अशी समजूत मराठी समाजात आता इतकी खोल रुजली आहे की माळाला माळ म्हणून राहू देणे हे कर्तव्य असू शकते, हे पटवणे अवघड जाते. माळढोकाचा ऱ्हास अनुभवलेल्या प्रदेशाला तरी ते पटायला हरकत नव्हती.

मूळ रूप एकच नसते आणि ते निश्चित सांगता येत नाही, याचा अर्थ कोणतेही रूप चालते असा होत नाही. जीर्णोद्धार करणारा शिल्पी जुन्या अवशेषांवरून माप काढतो. तसे माती, पाऊस, उतार, जुन्या माणसांची स्मृती आणि जवळपासचा उरलेला अंश यांच्यावरून त्या जागेला काय शोभेल हे ठरवता येते, आणि त्यात चूक झाली तर ती ओळखताही येते. या कामात पक्षी हे चांगले साक्षीदार आहेत, पण त्यांची साक्ष नीट ऐकली पाहिजे. दयाळ, बुलबुल आणि शिंजीर हे पक्षी परसबागेतही येतात. ते आले म्हणजे वन परतले, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. धनेशाची गोष्ट वेगळी. त्याची मादी जुन्या, जाड खोडाच्या झाडातील ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि तिचे तोंड लिंपून केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर तिला आणि पिल्लाला बाहेरून फळे भरवतो. अशी ढोली तयार व्हायला झाड म्हातारे व्हावे लागते, त्याची फांदी मोडावी लागते, लाकूड कुजावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील काही देवरायांत अशी झाडे आहेत. तीस वर्षांच्या उद्यानात ती असू शकत नाहीत आणि कोणत्याही निधीने ती आणता येत नाहीत. एलियटच्या म्हणण्यातील एवढा भाग निर्विवाद खरा आहे: काळ लावता येत नाही. पण यातून नवे वन खोटे ठरत नाही, ते फक्त कोवळे ठरते.

येथून प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण एलियटने मुळात लिहिले ते उद्याने उभारणाऱ्या नागरिकांविरुद्ध लिहिलेच नव्हते. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या खनिजासाठी खणून काढण्याची परवानगी मागणाऱ्यांचा जो युक्तिवाद असतो, की काम झाल्यावर सगळे पूर्ववत करून देऊ आणि म्हणून नुकसान काहीच होणार नाही, तो त्याला मोडायचा होता. हा युक्तिवाद भारतात कायद्याच्या भाषेत बोलतो. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याच्या व्यवस्थेत वनजमीन धरणाला, रस्त्याला किंवा खाणीला देताना बदल्यात तेवढ्याच बिगर-वनजमिनीवर, काही प्रकरणांत दुप्पट क्षेत्राच्या अवनत वनजमिनीवर, पर्यायी वनीकरण करण्याची अट घातली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तोडल्या जाणाऱ्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्यही पैशांत आकारले जाऊ लागले, आणि या रकमांच्या विनियोगासाठी 2016 साली स्वतंत्र कायदा झाला. अटी नसण्यापेक्षा अटी असणे बरे, यात वाद नाही. परंतु आधी दर ठरवून मग मोडण्याचा हा व्यवहार जीर्णोद्धाराच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. जीर्णोद्धाराला भंग आधी घडलेला लागतो. नवी मूर्ती देण्याचे वचन देऊन जुनी फोडण्याची मुभा कोणत्याही आगमाने दिलेली नाही.

या ठिकाणी दुसरी कल्पना पुढे येते ती प्रायश्चित्ताची, आणि तिच्याबाबत धर्मशास्त्रकारांनी घातलेला वाद आजच्या प्रश्नाला नेमका भिडतो. जाणूनबुजून केलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते काय, यावर त्यांच्यात एकमत नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीचे म्हणणे असे की नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. हेतुपुरस्सर केलेल्या पापाबाबत मात्र प्रायश्चित्त घेणारा केवळ व्यवहाराला योग्य होतो. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याचा उलगडा करताना पापाच्या दोन शक्ती वेगळ्या केल्या: एक नरकाला नेणारी आणि दुसरी समाजातील व्यवहाराला अडसर घालणारी. बुद्धिपूर्वक केलेल्या पापात प्रायश्चित्ताने दुसरी शक्ती शमते, म्हणजे माणसाला पंक्तीत बसता येते; पहिली तशीच राहते. कोकणात चिपळूण परिसरात जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या विशाल इतिहासात हा सारा वाद उलगडून मांडला आहे, आणि तो वाचताना पर्यायी वनीकरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वनीकरणाची पावती जोडलेला प्रकल्प व्यवहार्य होतो, त्याला परवानगी मिळते, कर्ज मिळते, उद्घाटन मिळते. डोंगरातून गेलेले काही त्या पावतीने परत येत नाही, आणि शास्त्रकारांच्या भाषेत बोलायचे तर पहिली शक्ती शमलेली नसते. शिवाय प्रायश्चित्ताला दोन गोष्टी लागत: जाणत्यांच्या परिषदेसमोर पापाचा स्वतःच्या तोंडाने उच्चार आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय. वार्षिक लक्ष्य ठरवून केलेल्या तोडीत या निश्चयाला जागाच नसते.

कचऱ्याच्या ढिगावरचे उद्यान या कसोटीला पर्यायी वनीकरणापेक्षा पुष्कळ बरे उतरते. ते आणखी काही मोडण्याची किंमत म्हणून उभारलेले नाही, आणि तेथे काय होते हे सांगण्यात कोणी लाज बाळगत नाही, उलट येणाऱ्यांना ते आवर्जून सांगितले जाते. तरीही जीर्णोद्धाराच्या कल्पनेला निष्पाप समजण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्रातील देवरायांचा एक मोठा शत्रू देवळाचा जीर्णोद्धार हाच ठरला आहे. कौलारू छपराचे, लाकडी खांबांचे किंवा नुसते चौथऱ्यावरचे देवस्थान पाडून सिमेंटचे मोठे मंदिर बांधायचे, त्यासाठी लागणारा पैसा राईतील जुने वृक्ष विकून उभा करायचा आणि देवाला कौल लावून त्याची संमती घ्यायची, असे कोकणात आणि घाटावर ठिकठिकाणी घडले आहे. कौल लावणे म्हणजे मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ कोणत्या बाजूने पडतात यावरून देवाची आज्ञा ओळखणे. ज्या साधनाने शेकडो वर्षे कुऱ्हाड थांबवली त्याच साधनाने ती चालवून घेतली गेली. ज्या देवतेला छप्पर नको, उघड्यावर राहू द्यावे, अशी गावाची जुनी श्रद्धा होती तिच्याही डोक्यावर स्लॅब आला. प्रतिष्ठा मूर्तीची आणि सत्ता राईची, ही जोड तुटली की वन केवळ देवळाच्या आवाराची जागा होते.

नव्या उद्यानात हात कशासाठी चालवला जातो, हाही असाच तपासण्याचा विषय आहे. पुनर्स्थापनात लावण्याइतकेच उपटण्याला महत्त्व असते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकाळ जमिनीवर 2006 पासून प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली जे राव जोधा उद्यान घडवले गेले तेथे पहिले मोठे काम वेडी बाभूळ काढण्याचे होते. तिची मुळे ज्वालामुखीजन्य खडकाच्या भेगांत इतकी खोल गेली होती की वालुकाश्माच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या खांडवालियांनी खडक फोडून ती एकेक करून काढली. वनस्पतीलाही एका इंद्रियाचा जीव मानणाऱ्या जैन विचाराच्या प्रदेशात ही मोहीम झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण घेण्याला नव्हे, प्रमत्त वृत्तीने, म्हणजे बेसावधपणे आणि विकारवश होऊन प्राण घेण्याला हिंसा म्हटले आहे. ही अट घाणेरी किंवा रानमोडी उपटणाऱ्यांनाही लागू करता येते. अमुक झुडूप येथील इतर जिवांची जागा बळकावते आहे, याची नीट पाहणी करून ते काढणे वेगळे, आणि परके म्हणून त्याचा द्वेष करणे वेगळे. मिरची, बटाटा आणि पेरू ज्या समाजाने आपले केले त्याला परकेपणाचा संताप तसाही शोभत नाही.

उद्यान सामुदायिक आहे असे म्हटल्यावर समुदायात कोण मोडते, हा प्रश्न शेवटी टाळता येत नाही. धर्मशास्त्राने तळी, विहिरी, वाटिका यांच्या निर्मितीला पूर्त म्हटले आणि त्यांच्या लोकार्पणाला उत्सर्ग. दानात घेणारा निश्चित असतो. उत्सर्गात तो नसतो. करणारा आपली मालकी सोडतो, ती वस्तू सर्व भूतांसाठी, म्हणजे सर्व जिवांसाठी, मोकळी करतो आणि त्यानंतर तिचा उपयोग केला तरी इतरांपैकी एक म्हणून करतो. पक्ष्यांना, किड्यांना आणि माणसांना एकाच ओळीत बसवणारी ही कल्पना निसर्गोद्यानाला जितकी शोभते तितकी आधुनिक कायद्यातील कोणतीही शोभत नाही. मात्र तिच्या उच्चारात आणि आचारात किती अंतर असू शकते हे महाडच्या चवदार तळ्याने दाखवले आहे. मुंबई विधिमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केल्यानंतरही त्या तळ्यावर गुरे, पक्षी आणि इतर धर्मांचे लोक पाणी पीत होते आणि अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे शुद्धीकरण केले. पूर्वस्थिती आणण्याचा तोही एक विधी होता. अनेक देवरायांत स्त्रियांना प्रवेश नसे, काहींत अजून नाही. म्हणून सकाळी चालायला येणाऱ्यांची सोय आणि दुर्बिणीतून पक्षी पाहणाऱ्यांची शांतता एवढ्यापुरतेच समुदायाचे चित्र मर्यादित ठेवणारे, सरपणाच्या मोळीला आणि मेंढपाळाला कुंपणाबाहेर ठेवणारे उद्यान स्वतःला सर्वभूतांचे म्हणवू लागले तर त्याची चौकशी करणे रास्त आहे. मोळी आत येऊ द्यावी की नाही याचे उत्तर प्रत्येक जागी वेगळे असेल. पण ते ठरवणाऱ्या बैठकीत मोळीवाली बसलेली असावी, एवढे तरी उत्सर्गाच्या कल्पनेतून निघते.

पायवाटेचाही याच अंगाने विचार करावा लागतो. पायवाट ही माणसाच्या हेतूची सर्वांत उघड खूण आहे, आणि कॅट्झचा वर्चस्वाचा आरोप झाडांपेक्षा तिलाच अधिक लागू पडतो. ती नसेल तर लोकांचे नाते तुटते, आणि नाते तुटलेल्या जागेचे रक्षण शहरात कोणी करत नाही. ती सगळीकडे असेल तर जमिनीवर वीण करणाऱ्या पक्ष्यांना थारा उरत नाही. जुन्या रायांत पारध, तोड आणि भटकंती यांना बंदी असलेला आतला भाग आणि सणाला माणसांनी भरणारा देवळापुढचा भाग असे दोन्ही असत. नव्या उद्यानांच्या आराखड्यांत दुसरा भाग नेहमी असतो. पहिला क्वचित दिसतो, कारण जेथे कोणी जाणार नाही अशा जागेवर खर्च कशासाठी, या प्रश्नाला अंदाजपत्रकात उत्तर नसते.

उत्सर्गाचा आणखी एक परिणाम शास्त्रकारांनी गृहीत धरला होता: एकदा सोडलेली मालकी परत घेता येत नाही. भारतीय न्यायालयांनी देवतेला विधिदृष्ट्या व्यक्ती मानले असल्याने देवाच्या नावे असलेल्या जमिनीला काही संरक्षण मिळते. पुढे उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये गंगा व यमुना यांनाही तसाच दर्जा दिला, परंतु त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. महाराष्ट्रातील शहरी निसर्गोद्यानाची स्थिती यांपैकी कशासारखीच नाही. त्याची जमीन सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर एखाद्या प्राधिकरणाच्या, पालिकेच्या अथवा शासनाच्या नावे असते, विकास आराखड्यात तिच्यावर उद्यानाचे आरक्षण असते, आणि 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात ते आरक्षण बदलण्याची रीत दिलेली असते: सूचना प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे, सुनावणी घेणे आणि शासनाची मंजुरी मिळवणे. ज्या हातांनी वन उभे केले त्यांनी त्याच्यावरची मालकी अजून सोडलेली नाही, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याची प्रतिष्ठा झाली असली तरी उत्सर्ग व्हायचा राहिला आहे.